सर्वांना पसंत, सबब उत्तम

माझी धाकटी सून बारामतीत संगणकाच्या क्लासात शिकवते. गेल्या महिन्यात तिच्याबरोबर शिकवणारी एक मुलगी जेवायला आली होती आणि पानावर बसल्या बसल्या दोघींची जुंपली. वाद असा की नव्या मुलांना संगणकाची कुठली भाषा आधी शिकवायची. पाहुणीचं म्हणणं, अमुक एक भाषा नीटनेटकी आहे, तिच्यात चुका होत नाहीत, पण तिला कुणी विचारत नाही. सूनबाईंचं म्हणणं, सगळी दुनिया जी वापरते तीच चांगली. "वाईट असती तर एवढ्या लोकांनी घेतली असती का? काय हो मामंजी?"

मी भाकरी चघळत राहिलो. या प्रश्नाचं उत्तर मी पूर्वी एकदा दिलेलं आहे. लेखी, सही करून, आणि मला कुणी जबरदस्ती केलेली नसताना. त्यावेळी मी सूनबाईंच्याच बाजूनं लिहिलं होतं. ते उत्तर अजून माझ्या घशात अडकलेलं आहे, म्हणून या अंकासाठी लिहायला बसलो.

मी कालव्याच्या खात्यात कारकून होतो. संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. एक म्हशींची गंमत आहे, ती पुढं येईल. बाकीचं वाचून कुणाला हसू आलं तर तो त्याचा प्रश्न.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कालव्यात पाणी सोडलं की ते आपलं आपण शेतात जातं. तसं असतं तर मला कुणी पगार दिला नसता. कालव्याला चाऱ्या फुटतात. चारी म्हणजे चार-सहा मैलांचा लहान पाट. चारीच्या अंगाला लोखंडी दारं असतात, दार उचललं की त्या दारावरच्या शेतांना पाणी. चारी जिथं सुरू होते ते मुख, संपते ते टेल. टेल हा शब्द आमच्याकडं कधी शाळेत न गेलेला माणूससुद्धा वापरतो, कारण त्यानं पोळलेली माणसं गावोगाव आहेत. पाणी रोज नसतं, पाळीनं येतं. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एक पाळी, ती आठ-नऊ दिवस चालायची. दारं उघडणारा आणि मिटणारा माणूस म्हणजे पाटकरी. खांद्यावर खोरं, धोतराचा काचा मारलेला, पाय कायम चिखलात. चारीच्या मुखाशी बोटांच्या खुणा केलेली एक लाकडी पट्टी उभी असायची, तिच्यावरून पाणी किती आलं ते कळायचं.

आता गोम अशी की हुकूम लिहिणारा बारामतीच्या बाजूला खुर्चीत आणि हुकूम बजावणारा इंदापुराच्या बाजूला बांधावर. मध्ये दहा-बारा कोसांचं अंतर, आणि फोन कुठला आलाय पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत! दर पाळीला आम्ही पाटकऱ्याला एक चिठ्ठी धाडायचो. कुठलं दार आधी, किती तास, आणि मध्येच काही अडचण आली तर काय करायचं, हे सगळं त्या एका कागदात यायला हवं. कागद हातात पडल्यावर पाटकरी विचारणार कुणाला? सूनबाई सांगतात, संगणकाची भाषा म्हणजे यंत्राला आधीच देऊन ठेवायचे हुकूम. मग आमची चिठ्ठी दुसरं काय होती?

ती चिठ्ठी आमच्या भागात शिवरामतात्यांच्या खुणांत लिहिली जायची. तात्या पिंपळीचे. पाटकरी म्हणून लागले आणि पाटकऱ्यांचे मुकादम झाले. सही करण्यापुरतं लिहिता यायचं. पण पंचवीस वर्षं चारीवर काढून त्यांनी तीस-पस्तीस खुणा बसवल्या होत्या. दाराला ठिपका, तासाला उभी रेघ, बांध कच्चा असेल तर नागमोडी रेघ. आधीच्या साहेबांनी ते चालवून घेतलं होतं, कारण त्यांच्या काळात तक्रार येत नव्हती. मी नवा लागलो तेव्हा तात्यांनी मला चारीच्या काठावर बसवलं आणि माझी पहिली चिठ्ठी बघून परत दिली.

"कारकून, ह्ये काय लिवलंय? पयल्या दाराला आठ तास, दुसऱ्याला सात. आन पानी कमी आलं म्हंजी?"

"कमी येईल कशाला? वरून जेवढं सोडतात तेवढं येणार."

तात्या हसले. "पानी मापात आलं तर चिठ्ठी कशाला पायजे? त्ये तर बैलाला बी कळतंय. चिठ्ठी लागती पानी आटल्यावर. त्ये लिवा आधी."

त्यांच्या पद्धतीत दोन नियम होते. पहिला, टेलचं दार आधी. मुखाजवळच्याच्या दारावरून पाणी सगळी पाळी पुढं जातं, तो पाण्यावाचून राहत नाही. टेलवाल्याला आधी पाजलं नाही तर त्याच्यापर्यंत काही उरत नाही. दुसरा नियम एका तिरप्या रेघेत होता. पट्टीवर पाणी एक बोट उतरलं की मुखापासून एकेका दाराचा एक एक तास कापायचा, टेलला हात लावायचा नाही. दोन बोटं उतरलं तर दोन तास. हे तुम्हाला किरकोळ वाटेल. बावड्याच्या अलीकडं ज्याची जमीन होती त्याला ते किरकोळ नव्हतं.

आता म्हशी. आमच्या एका चारीच्या मुखाजवळ एक मोठे बागाइतदार होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या दाराची पाळी आली की त्यांच्या सहा म्हशी नेमक्या दाराच्या खालच्या अंगाला चारीत येऊन बसायच्या. सहा म्हशी चारीत बसल्या की पाणी तुंबतं, चार बोटं चढतं आणि वरच्या दारात भसाभसा घुसतं. मी एकदा हटकलं तर भाऊसाहेब म्हणाले, "जनावरानं पान्यात बसू न्हाय, असा कंचा कायदा हाय? दावा." कायदा नव्हता. तात्यांनी एक नवी खूण काढली, दोन शिंगं. शिंगं दिसली की पाटकऱ्यानं चारीत बघायचं. म्हशी असतील तर त्या दाराचा तास कापायचा, नसतील तर नाही. दोन पाळ्यांत म्हशी घरच्या डबक्यात डुंबायला लागल्या. भाऊसाहेबांना कळलं तेव्हा रागावायचं सोडून ते चावडीवर सांगत सुटले, "आमच्या म्हशी सरकारी कागदावर चढल्या!"

तात्यांची बाजू घेताना दोषही सांगायला हवेत. त्या खुणा शिकायला दोन-अडीच महिने लागायचे. माझ्या हाताखालच्या पाच चाऱ्यांवर सव्वीस पाटकरी होते. त्यातल्या आठ-दहा जणांना सगळ्या खुणा यायच्या, बाकीचे अडलं की तात्यांकडं पळायचे. तात्या हिवतापानं आठवडाभर पडले तेव्हा दुसऱ्या भागातून बदली पाटकरी आणला. त्यानं तिरपी रेघ उलटी वाचली आणि चारी भरलेली असताना टेलची दारं मिटून टाकली. बांध फुटला आणि एकाचं वांग्याचं सगळं रान वाहून गेलं. शिवाय तात्यांचा स्वभाव. कुणी चुकलं की म्हणायचे, "तुला येनार न्हाय, जा." चांगलं काही करणाऱ्या माणसांना ते दुसऱ्याला देण्याचा कंटाळा का असतो, मला कळलेलं नाही.

तात्या नोकरीतून उतरले त्याच वर्षी नवे साहेब आले. तरुण, कामसू, चाऱ्यांवरून स्वतः सायकलनं फिरणारे. त्यांना वाईट म्हणायची माझी तयारी नाही. त्यांनी येताना एक छापील तक्ता आणला. चार रकाने: दार, उघडण्याची वेळ, मिटण्याची वेळ, एकूण तास. कडेला शेऱ्याला बोटभर जागा. पहिल्या दारापासून सुरू करायचं आणि उतरत टेलपर्यंत जायचं. शिकायला दहा मिनिटं पुरेत.

"शेजारच्या सगळ्या भागांत आता हाच चालतो," साहेब म्हणाले. "उद्या तुमची बदली झाली तर तुमच्या जागी येणाऱ्यानं या कोंबडीच्या पायांचं काय करायचं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्यांना तिरप्या रेघेचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तक्त्यात कुठं बसवता येईल का? एखादा रकाना वाढवून? मी वर लिहितो."

मी म्हणालो, "बघतो, साहेब."

मी बघितलं नाही. चिठ्ठ्या खुणांत लिहायला मला सबंध दिवस जायचा, तक्ता तासाभरात व्हायचा. पाच चाऱ्यांचं काम दुपारच्या चहाआधी हातावेगळं होतंय म्हटल्यावर रकाना कोण वाढवणार? शिवाय माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि साहेबांनी आणलेल्या वस्तूत खोड काढून कुणी कायम झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आठवड्यानं साहेब म्हणाले, "आपण लादायला नको. पाटकऱ्यांना विचारा, त्यांना कुठली पद्धत पसंत आहे ते. मग मला लेखी द्या." साहेबांना मंगळवार मोकळा होता. मंगळवार हा पाळीचा दुसरा दिवस. मी पाटकऱ्यांना कालव्याच्या बंगल्यावर बोलावलं.

बंगल्यासमोर एक निंब आणि एक चिंच होती. हात वर करून मत द्यायला पाटकरी लाजतात, साहेबांच्या तोंडाकडं बघत राहतात. म्हणून मी त्यांची रीत वापरली. पाटकऱ्याचं खोरं म्हणजे त्याची सही. ते तो दुसऱ्याच्या हातात देत नाही. मी म्हणालो, ज्याला तक्ता हवा त्यानं आपलं खोरं निंबाला टेकवावं, ज्याला तात्यांच्या खुणा हव्यात त्यानं चिंचेला. एकोणीस जण आले होते. सतरा खोरी निंबाला लागली, दोन चिंचेला.

त्यातल्या एका जुन्या पाटकऱ्याला मी बाजूला घेऊन विचारलं. खुणा त्याला तोंडपाठ होत्या, म्हणून मला नवल वाटलं होतं. तो म्हणाला, "कारकून, तात्याच्या खुणा चांगल्या हायत, त्यात वाद न्हाय. पर त्यात म्या पट्टी बगायची, म्या डोकं चालवायचं, आन भाऊसायबाचं दार माझ्या हातानं येक तास आधी मिटायचं. शिव्या कुनी खायच्या? तक्त्यात लिवलंय त्येवढं केलं की सुटलो. छापील कागदाला कोन शिव्या देत न्हाय."

त्याच दिवशी मी अहवाल लिहिला. दोन्ही पद्धतींची माहिती, हजर पाटकरी एकोणीस, पैकी सतरा अनुकूल. आणि शेवटी हे वाक्य: "सदर तक्ता सर्वांना पसंत असून, सबब तो उत्तम आहे." खाली सही. सर्वांना पसंत म्हणून थांबलो असतो तर ती निदान अर्धी खरी गोष्ट झाली असती. तो 'सबब' मी माझ्या पदरचा घातला.

सव्वीसपैकी सात पाटकरी आले नव्हते. ते सातही टेलचे होते. टेलचं दार आधी, या तात्यांच्या नियमानं पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत टेलचे पाटकरी आपापल्या दारावर पाण्यात उभे असतात, आणि मुखाजवळचे मोकळे असतात. हे मला माहीत होतं. पाळीच्या शेवटच्या दिवशी बोलावलं असतं तर उलटी माणसं आली असती. भाऊसाहेबांच्या चारीच्या टेलचा पाटकरी सोपान. तो चार दिवसांनी कचेरीत आला.

"कारकून, मला कुनी इचारलं न्हाय."

"तुम्ही दारावर होता, सोपानराव."

"मग काय दार सोडून येऊ? त्येच तर काम हाय माझं."

मी त्याला हिशेब करून दाखवला की सात खोरी चिंचेला लागली असती तरी सतरा विरुद्ध नऊच झाली असती. तो हिशेब बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. टेलवाले नेहमी थोडेच असतात. चारीचा आकारच तसा आहे. सोपान मान हलवून गेला.

तक्ता सुरू झाला आणि पहिले सहा महिने काही बिघडलं नाही. पाणी भरपूर होतं. पाटकरी खूश, मुखावरचे बागाइतदार खूश, साहेब खूश, आणि मी कायम झालो. चैत्रात वरून पाणी कमी सुटायला लागलं आणि पट्टी दोन बोटं उतरली. तक्त्यात दोन बोटांचं काही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दाराला आठ तास म्हणजे आठ तास. तेवढ्या वेळात पाणी कमी मिळालं म्हणून भाऊसाहेबांनी दार अजून दोन तास उघडं ठेवायला लावलं. त्यांना अडवणारी रेघ कागदावर नव्हती. भाऊसाहेबांचं बघून पुढच्यानं, त्याचं बघून त्याच्या पुढच्यानं. टेलचं अठरावं दार तक्त्यात लिहिल्या वेळी उघडलं आणि लिहिल्या वेळी मिटलं. दारापर्यंत पाणी आलं की नाही, ते विचारणारा रकाना नव्हता.

अठराव्या दारावर गणपतआबांची मोसंबीची बाग होती. बावड्याच्या अलीकडं, तीनशे झाडं, पाच वर्षांची. पहिलाच बहार. मोसंबीची रीत अशी की बहार धरायच्या आधी झाडाला ताण देतात, म्हणजे पौषात पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं गाळतं. मग पाणी दिलं की फुलतं. पण एकदा फुलल्यावर पाणी चुकता कामा नये, नाहीतर फळ आणि झाड दोन्ही जातात. आबांनी पौषात ताण दिला तो आमच्या पाळीच्या भरवशावर. घरची विहीर चैत्रात तळाला जायची, पण पाच वर्षांत टेलला पाळी एकदाही चुकली नव्हती. पाच वर्षं पाळ्यांच्या मधल्या दिवसांत हंड्यानं, घागरीनं जगवलेली झाडं त्यांनी त्या भरवशावर पणाला लावली.

ते पहिल्यांदा कचेरीत आले तेव्हा पायताणं बाहेर काढून आले. साठीचा माणूस, डोक्याला पांढरा पटका, आवाज कधी चढायचा नाही.

"कारकून, ह्या पाळीला पानी आलं न्हाय."

मी तक्ता काढला. "आबा, तुमच्या दाराला सहा तास दिसतात. सकाळी सहा ते दुपारी बारा."

"दार उगडं हुतं, व्हय. सोपानानं उगडलं, म्या सोता बगितलं. पर दारातनं चिमनीनं प्यावं त्येवढं बी पानी न्हाय आलं."

"कागदावर पाणी दिलेलं आहे, आबा. तक्रार घ्यायची तर कशाची घेऊ?"

त्यांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तुमी तरी काय करनार. वरनं जसं छापून येतंय तसं तुमी लिवनार." आणि जाताना मलाच धीर देऊन गेले, "बगू, फुडच्या पाळीला यील."

पुढच्या पाळीलाही आलं नाही. ते परत आले, पायताणं बाहेर काढून. त्या दिवशी ते गेल्यावर मी शेऱ्याच्या बोटभर जागेत पेन्सिलीनं लिहिलं, 'पाणी पोचले नाही.' थोडा वेळ त्याकडं बघत बसलो. हे वर गेलं तर साहेब विचारणार, का पोचलं नाही? मग तिरपी रेघ निघणार, मग 'बघतो' म्हणालेला मी निघणार, मग तो 'सबब' निघणार. मी रबरानं ते खोडलं आणि पाटकऱ्याच्या अंगठ्याशेजारी माझी सही केली.

मन खायला लागलं म्हणून पिंपळीला तात्यांकडं गेलो. तात्या अंगणात दोरखंड वळत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मग आता मी काय करू? माझ्या खुणा वाचनारं ऱ्हायलं कोन? सोपान, तुमी, आनखी दोन-चार. त्येवढ्या मानसांवर सरकार चालत न्हाय."

"पण पद्धत चांगली होती, तात्या."

"चांगली हुती. आन मी येकट्याच्या पोटात ठिवली. ती चूक माझी. मानसं सोपं त्ये घेत्यात, त्यात त्यांचा बी दोष न्हाय. चार शिव्या कमी खायला मिळत्यात तर कोन सोडंल?" मग हातातला दोर थांबवून म्हणाले, "पर सोपं म्हंजीच चांगलं, आसं साहेबाला लिवून देनारा गाढव कोन हुता, त्येवढं मला सांगा."

मी म्हणालो, मला माहीत नाही. चहा घेतला आणि निघालो.

तक्ता पुढं उरलेल्या भागांतही गेला. लोकांनी तो का उचलला, ते मला त्या पाटकऱ्यानं निंबाखाली सांगितलंच होतं. किती जणांनी वस्तू घेतली यावरून ती किती जणांच्या सोयीची आहे एवढं कळतं. ज्याची सोय त्यात झाली नाही, तो मोजणीच्या दिवशी हजर नसतो, आणि हजर असला तरी थोडा असतो. मी स्वतः पुढं कित्येक वर्षं नव्या कारकुनांना हाच तक्ता शिकवला. दहा मिनिटांत शिकवायचो. एक नंबरचा शिक्षक म्हणून माझं कौतुकही व्हायचं.

त्या उन्हाळ्यात आबांची तिसरी पाळीही चुकली. मग आबा कचेरीत यायचे बंद झाले. ज्येष्ठ गेला, पावसाळा नावालाच आला. आबा आता येत नाहीत, हे मला त्यांच्या येण्यापेक्षा जड जायला लागलं. दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी सायकल काढली आणि बावड्याची एस.टी. धरायला स्टँडवर गेलो. सायकल टपावर टाकली.

आबा बागेतच होते, कुऱ्हाडीनं झाडं तोडत होते. अर्धी बाग आडवी झाली होती. फांद्या एकीकडं, खोडं एकीकडं, नीट रचलेली. मला बघून त्यांनी कुऱ्हाड ठेवली, पटक्यानं तोंड पुसलं आणि बसायला घोंगडं अंथरलं.

"आलात का? बसा. ऊन लई हाय."

एका उभ्या झाडाला दहा-पंधरा फळं राहिली होती, लिंबाएवढी, पिवळी पडलेली. आबांनी त्यातल्या त्यात मोठं तोडलं, विळ्यानं दोन भाग केले आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"पयला बहार हाय. पावन्याला दिल्याबिगर कसं चालंल? घ्या."

आत रस नव्हता. जुन्या गादीतल्या कापसासारखं होतं, कोरडं, चिवट आणि कडवट. मी एक घास चावून गिळला. आबा माझ्याकडं बघत होते, त्यांच्या तोंडावर राग नव्हता. त्यामुळंच असेल, मला राहवलं नाही.

"आबा, तुम्हाला पाणी मिळालं नव्हतं. सहा तास लिहिलं ते खोटं होतं. पाणी आटल्यावर तक्त्यानं टेलला काही जाणार नाही हे मला तो येण्याआधीपासून माहीत होतं. साहेबांनी मला विचारलं होतं. मीच चांगला आहे म्हणून लिहून दिलं."

समोरच्या एका खोडावर मुंगळे चढत होते, आबा तिकडं बघत राहिले.

"माझं बोट तुमच्याकडं कवाच नव्हतं," ते म्हणाले. "गावात कुनी तुमाला शिवी घातली तर म्या भांडायचो. म्हनायचो, कारकुनाला काय कळतंय त्यातलं? छापून येतंय तसं लिवतोय गरीब." त्यांनी विळ्याचं पातं पुसलं. "तक्ता वंगाळ हाय, ह्ये मला पयल्या पाळीलाच ठाव झालं हुतं. पर ह्ये तुमाला बी ठाव हुतं, ह्ये मला ठाव नव्हतं."

मग त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या हातातली उरलेली मोसंबी काढून घेतली. फेकली नाही, आपल्या अर्ध्या फोडीशेजारी खोडावर ठेवली. कुऱ्हाड उचलली आणि पुढच्या झाडाकडं वळले.